सड्यावरची टकटक

वानरं पळवण्यात आमच्या पावस गावाच्या आसपास माझा हात धरणारा कोणी नाय. पहिलं झटक्याचं कुंपण घातलं तेव्हा पहिला झटका मीच खाल्ला, वानरं बागेच्या दगडी गडग्यावर बसून बघत राहिली आणि पळालो तो मी.

तरी धंदा चालला. हापूस तयार व्हायला लागला की आमच्याकडे माणसाआधी वानराला कळतं. एक फळ खातं आणि बाकीची चावून खाली टाकतं, म्हणून तर राग येतो. मग बागेभोवती बारीक तार फिरवायची आणि तिच्यात डब्यातनं झटका सोडायचा. डब्यात बॅटरी, वर सोलरची पाटी. टक, टक, टक करत झटका जात राहतो. मरत कोणी नाय, पण परत यायच्या आधी विचार करतं. डबा बाजारात तयार मिळतो. तार ओढायची, खुंटे मारायचे, आणि तार खुंट्याला थेट लागू नये म्हणून मध्ये रबर बसवायचं, हे काम माझं. रबर म्हणजे जुन्या चपला. त्यासाठी दुकानात चांगले इन्सुलेटर मिळतात, पण तुटक्या चपला घरोघर फुकट मिळतात. कापायच्या, भोक पाडायचं, तार ओवायची. सडा म्हणजे आमच्या डोंगरावरचं कातळाचं पठार. त्याच्या उतारावर जेवढ्या बागा आहेत तेवढ्यांना मी चपला घातल्या. लोक मला मिस्त्री म्हणायला लागले आणि मी पण ओ द्यायला लागलो.

तर त्या वर्षी होळी होऊन गेल्यावर ती मुलगी आली. साताऱ्याकडची. पीएचडी करत होती आणि तिला सड्यावर कसलीतरी अँटेना लावायची होती. आमची मागची खोली रिकामी होती, ती तिने भाड्याने घेतलीन. पहिल्याच दिवशी पडवीत चहा पिताना म्हणाली, "काका, मला शांत जागा हवी होती."

मी म्हटलं, "शांत हवी तर आमच्या घरात कशाला आलीस गो बाय? ही भांडी घासायला बसली की खाली खाडीपर्यंत कळतं."

आतून आमची ही म्हणाली, "तुम्ही घासा, मग आवाज नाय यायचा. भांडीच नाय घासली जायची."

मुलगी हसली. म्हणाली, "कानाची शांतता नको हो. रेडिओची. टॉवर, मोटारी, कारखाने यांच्यातनं रेडिओच्या लाटा सुटत असतात. त्या जिथे कमी, तिथे आकाशातलं ऐकू येतं."

आकाशातलं काय, ते मग तिने हळूहळू सांगितलंन. शाळेत मी किती गेलो ते विचारू नका, मास्तरांनाच आठवत नव्हतं. पण ती सांगायची तशी की म्हशीला पण समजावं, म्हणून मला समजलं. लांबच्या काही आकाशगंगांच्या मधोमध एकेक प्रचंड मोठं कृष्णविवर असतं. आजूबाजूचा वायू त्यात पडत असतो, आणि पडता पडता इतका तापतो की अख्ख्या आकाशगंगेपेक्षा त्याचाच उजेड जास्त. त्याला म्हणायचं क्वेसार. सगळ्या नाय, पण काही क्वेसारांच्या दोन बाजूंनी पिचकाऱ्या सुटतात आणि त्यांच्यातनं रेडिओच्या लाटा निघतात.

"म्हणजे खाता खाता ओकतो," मी म्हटलं.

"गिळायच्या आधीच उडतं ते. पण तसं म्हटलंत तरी चालेल."

तिचा जो क्वेसार होता तो फार लांबचा. किती लांबचा, तर तिथनं निघालेली लाट आज आपल्याकडे पोचते, पण ती निघाली तेव्हा पृथ्वी नव्हती. सूर्यसुद्धा नव्हता. वाटेत सगळं विश्वच फुगत गेलं, तशी ती लाट पण ताणली गेली. निघाली आखूड, पोचली लांब होऊन. आणि गंमत अशी की विश्व तेव्हा अगदी कोवळं, तरी हा गडी एवढा दांडगा. एवढ्या लवकर एवढा मोठा कसा झाला, ते अजून कोणालाच नीट कळलेलं नाय.

"मी पण जन्मलो तेव्हा दणदणीत होतो म्हणतात," मी सांगितलं. "पुढे डोक्याला वाढ लागली नाय, तो भाग वेगळा."

पण तेवढ्यात माझ्या मनात एक आलं ते मी विचारलं. म्हटलं, "आपण नव्हतो, पृथ्वी नव्हती, मग ती लाट निघाली ती कोणाकडे जायला?"

तिने कप खाली ठेवलान. मग म्हणाली, "कोणाकडेच नाही, काका. आपण वाटेत उभे राहिलो तर आपल्याला मिळते."

मला ते फार आवडलं. आजपर्यंत मला कोणी काय शिकवलं असेल तर ते एवढंच.

तिचं काय अडलं होतं ते पण तिने सांगितलंन. घाटावर तिच्या संस्थेच्या मोठाल्या अँटेना आहेत. त्यांच्यापासून लांब दुसरीकडे अँटेना लावून दोन्हीकडे एकाच वेळी ऐकलं, तर त्या क्वेसाराच्या पिचकाऱ्या बारकाईने दिसतील. दोन कान जितके लांब, तितकं बारीक दिसतं. त्यासाठी दोन जागा होत्या. एक आमचा सडा आणि एक देशावरचा माळ. तिच्या मोठ्या सरांना माळ बरा वाटत होता. या मुलीनेच सगळ्यांशी भांडून सांगितलेलं की रत्नागिरीचा सडा जास्त शांत आहे, मी दाखवते. पावसाच्या आधी ते दाखवायचं होतं. नाय दाखवता आलं तर सगळं सामान माळावर जाणार. "तिथून माझा क्वेसार नीट मिळायचा नाही," ती म्हणाली. "अंतर पुरत नाही. मग विषयच बदलायचा." हे सांगताना ती जमिनीकडे बघत होती.

मी छातीला हात लावून सांगितलं, "सड्यावर काय नाय गो. वारा आणि मोकळी सोडलेली गुरं."

तिने एकेक करून विचारलंन. टॉवर? लांब. चिरेखाण? पलीकडे, डोंगराआड. पंप, वेल्डिंग, पिठाची गिरण? नाय, नाय, नाय. कुंपण आहे काय, हे तिने विचारलं नाय आणि मला सुचलं नाय. गडगा बोलतो काय? तसं कुंपण. ते असतं.

मग अँटेना लागली. कातळावर जाळी अंथरलीन, वारा नेऊ नये म्हणून तिच्यावर चिरे ठेवलेन, मध्ये एक नळी आणि तिला चार हात. कापड उडून गेलेल्या छत्रीसारखं दिसायचं. आमच्या शेजारी चाचा राहतात, पुष्कळ वर्षं आखातात काढून आलेले, दाढी पांढरी झाली तरी जीभ तिखट. ते बघून गेले आणि मला म्हणाले, "पोरगी हुशार हाय. तू तिच्या आसपास जास्त फिरू नको."

पहिल्या दिवशीचं ऐकलेलं सगळं तिने लॅपटॉपात भरून आणलंन, त्याला स्पीकर जोडलान आणि फोन आला म्हणून आत गेली. मी पडवीत एकटाच. स्पीकरमधून यायला लागलं, टक, टक, टक. माझ्या अंगावर काटा आला. सूर्याच्या आधी निघालेलं ते हेच, आणि ते माझ्या पडवीत आलेलं. मी बसून राहणारा माणूस नाय. चहाच्या टपरीवर सांगितलं, केस कापायच्या दुकानात सांगितलं, तिथे तर अर्धी दाढी झालेला एक गिऱ्हाईक टॉवेलासकट उठून आला. तासाभरात अंगण भरलं. वाडीतल्या एका म्हातारीने लॅपटॉपसमोर नारळ ठेवलान आणि डोळे मिटून हात जोडलेन. मी मध्ये उभा राहून सगळ्यांना समजावत होतो, की हे निघालं तेव्हा पृथ्वी नव्हती, पावस तर नव्हतंच.

मुलगी बाहेर आली. गर्दी बघून तिला कळेना काय झालं. मग स्पीकर ऐकू आला आणि तिचा चेहरा उतरला.

"काका, हे आकाशातलं नाही."

"मग?"

"आकाशातली नुसती खरखर असते, तीसुद्धा अगदी हलकी. हे एवढं जोरात येतंय म्हणजे इथलंच आहे. जवळचं."

म्हातारीने डोळे उघडलेन, नारळ उचललान आणि पदराखाली घालून घरी गेली.

त्या टकटकीखाली दुसरं काय ऐकू येणं शक्य नव्हतं. सरांना हे पाठवलं असतं तर सड्यावर फुलीच. ती पायरीवर बसून राहिली. मला राहवेना. मी म्हटलं, "तू काळजी करू नको. कोण मेला टकटक करतोय त्याला मी शोधतो."

आणि शोधायला निघालो. पहिला संशय चाचांवर. त्यांच्याकडे मासे ठेवायचा मोठा फ्रीजर आहे, तिकडनं येताना आणलेला. मी जाऊन तोंडावर सांगितलं की तुमच्यामुळे एका पोरीचं शिक्षण बुडतंय. चाचांनी उठून बटण बंद केलं. सुरमई मऊ पडायला लागली तेव्हा ती आमच्याच घरी पाठवून दिली. आम्ही खाल्ली. टकटक चालूच. मग चिरेखाणीवाल्याशी भांडलो. तो म्हणाला, आज खाण बंद आहे. मग एका चुलतभावाच्या विहिरीवरचा पंप. तो तर गेल्या पावसापासून जळालेला होता. दोन दिवसांत मी गावातल्या निम्म्या लोकांना चोर ठरवून आलो.

शेवटी तिने पिशवीतनं हातात धरायचा एरियल काढलान, पूर्वी टीव्हीचा कौलांवर असायचा तसला, आणि त्याला जोडलेला छोटा रिसीव्हर. म्हणाली, "काका, हा धरा आणि हळूहळू फिरा. आवाज वाढेल तिकडे चालायचं." चाचा पण आले. म्हणाले, "माझं नाव घेतलंस ना, आता मी पण बघतो."

एरियल घेऊन मी पुढे, मागनं ती कान देऊन, तिच्या मागनं चाचा. सड्यावरून उतारावर लागलो. आवाज वाढला.

मी म्हटलं, "बघा चाचा, तुमच्याच घराकडे चाललोय."

"माझं घर डावीकडे हाय. आपण उजवीकडे वळलो."

काजू ओलांडले, गडगा ओलांडला. आवाज आणखी वाढला. समोर कलमं ओळखीची दिसायला लागली. असणारच, माझीच होती. तरी मी म्हटलं, "वानरांनी कुठलं तरी यंत्र आणून टाकलं असणार." कोपऱ्यातल्या कलमाखाली रिसीव्हर नुसता ओरडायला लागला. वर फांदीला माझा डबा लटकत होता. टक, टक, टक. इतकी वर्षं रोज कानावर पडत होतं म्हणून ते कानात शिरतच नव्हतं.

चाचा गडग्यावर बसले आणि खोकला येईपर्यंत हसले. मुलगी हसली नाय. तारेच्या कडेकडेने बघत गेली आणि तिने विचारलंन, "ही तार कुठपर्यंत जाते?"

"उतारभर," मी म्हटलं. "सगळ्या बागांना आहे."

"कोणी घातली?"

चाचांना बोलता येत नव्हतं. त्यांनी बोटाने दाखवलं.

ती तारेपाशी वाकली. म्हणाली, डबा एकटा एवढा गुन्हेगार नाही. तार जिथे सैल गुंडाळली आहे किंवा पानाला लागते तिथे प्रत्येक झटक्याला बारीक ठिणगी उडते, आणि ठिणगी म्हणजे छोटं रेडिओ स्टेशनच. चपलेच्या एका तुकड्याला तिने बोट लावलंन. उन्हाने तडकलेला, खाऱ्या वाऱ्याने पांढरा पडलेला. माझं सगळं काम तिथे उघडं पडलं होतं आणि ती एक शब्द लागेल असं बोलली नाय. बोलली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी ती हिला सांगत होती, ते मी ऐकलं. "काकू, मी सरांना खरं आहे तेच लिहिते. आंब्याचे दिवस आहेत. लोकांना कुंपण काढा असं मी कुठल्या तोंडाने सांगू?"

हिने माझ्याकडे बघितलंन. लग्नाला इतकी वर्षं झाली, ती नजर मला कळते. सकाळी मी रत्नागिरीला जाऊन पिशवीभर खरे इन्सुलेटर घेऊन आलो.

मग आम्ही एकेक बाग धरली. ती पुढे एरियल घेऊन, मी मागे पक्कड घेऊन. "इथे," ती म्हणायची. मी जुना सांधा कापायचा, नवा पिळायचा, चपला काढून इन्सुलेटर बसवायचा. आयुष्यभर मी प्रत्येक कामाला "चालतंय" म्हणत आलो. ती एकदासुद्धा म्हणाली नाय. रिसीव्हरने जरा घसा खाकरला की ती तिथेच उभी, पाय भाजणाऱ्या कातळावर, ओढणी डोक्याला गुंडाळून. "काका, अजून आहे." मी म्हणायचो, एवढंसं आहे. ती म्हणायची, "माझा क्वेसार याच्यापेक्षा एवढासा आहे." मग पुन्हा कापायचं. तिचा राग नव्हता, घाई नव्हती. तिला ते नीट हवं होतं आणि नीट होईपर्यंत ती तिथे असणार होती, बस. असं माणूस मी आधी बघितलं नव्हतं. मला वाटलं, मिस्त्री म्हणायचं ते या पोरीला. मला लोक का म्हणत होते कोण जाणे.

काढलेल्या चपलांचा ढीग झाला. बायका येऊन आपापल्या ओळखायला लागल्या. एक म्हणाली, "ही तर माझी चांगली होती. भावजींनी पायातनं काढून नेली होती."

कुंपणं पुष्कळ गप्प झाली, पण डबे चालू आहेत तोवर पूर्ण गप्प होणार नव्हती. एक सकाळ तरी सगळं बंद हवं होतं. उजाडायच्या सुमारापासून ऊन चढेपर्यंत, डबे बंद आणि मोबाईलसुद्धा बंद. वानरांची तीच वेळ, आणि झाडावर शेवटचा आंबा. मी दारोदार गेलो.

"वानरं आली तर?" एकाने विचारलंन.

"मी उभा राहीन."

"तुला बघून तर ती जवळ येतात."

कोणी तयार होईना. शेवटी तीच गेली. तिने काय विनवण्या केल्या नाय. घराघरांत बसून ते सगळं पहिल्यापासून सांगितलंन, ती लाट कधी निघाली, कशी ताणली गेली, आणि कोणाकडेच निघाली नव्हती. म्हातारी, ती नारळवाली, ऐकून म्हणाली, "एवढी लांबनं आली, आणि दारात आल्यावर आपणच कालवा करायचा, बरं दिसत नाय." वाडीत तिचं ऐकतात.

त्या सकाळी उतारावरच्या प्रत्येक बागेत घरचं माणूस उभं राहिलं. कोणाकडे बेचकी, कोणाकडे काठी. चाचांना बाग नाय, तर ते फ्रीजर बंद करून वाजवायला थाळी आणि डाव घेऊन माझ्या बागेत आले. मी मुलीला विचारलं होतं, बोललेलं चालेल ना. ती म्हणाली, "खुशाल बोला, काका. माणसाच्या आवाजाचा रेडिओला काही त्रास नाही." तरी कोणी बोललं नाय. मी पण नाय. चाचांनी दोनदा माझ्याकडे बघितलं, बरा आहे ना म्हणून.

वानरं आली. एवढी माणसं गप्प उभी बघून तीच बावरली आणि गडग्यावर बसून राहिली. एकाने धीर करून माझी काही फळं चावली. मी दगड उचलला आणि तसाच हातात धरून राहिलो, कारण मला मध्येच वाटलं की आत्ता ती लाट येत असेल. पानांतनं, चाचांच्या दाढीतनं, माझ्यातनं. रोजच येत होती. पण आज वर सड्यावर तिच्या वाटेत कोणीतरी उभं होतं.

त्यानंतर बरेच दिवस काही नाय. ती जेवायची कमी, फोनकडे बघायची जास्त. मग एका दुपारी जेवताना फोन आला. "हो सर. हो सर. हो," एवढंच बोलली, आणि फोन ठेवून ताटाकडे बघत बसली. आमच्या हिने तिच्या पाठीवर हात ठेवलान. म्हणाली, "जाऊ दे गो. दुसरा विषय मिळेल."

मुलीचे डोळे भरलेले होते. "जुळलं, काकू," ती म्हणाली.

इथलं ऐकलेलं आणि घाटावरचं ऐकलेलं एकमेकाला जुळलं होतं. अजून तो लांबचा नाय, अलीकडच्या एका झगझगीत क्वेसारावर आधी जुळवून बघितलं होतं. लांबच्यासाठी इथे पुष्कळ अँटेना लागतील. पण त्या आता येणार होत्या, पाऊस संपला की, आणि आमच्या सड्यावरच. सर म्हणाले होते, इतकी शांत जागा आपल्याला माळावर मिळायची नाही. तिचा विषय तिच्याजवळ राहिला. हिने तिला आणखी भात वाढलान आणि ती खरंच जेवली.

संध्याकाळी मला चैन पडेना. चाचा पडवीत आले होते. मी म्हटलं, "चाचा, सड्यावर एक बोर्ड लावूया. मोठा. पृथ्वीच्या आधीचं ऐकायची जागा, आणि खाली माझं नाव. माझ्या सहकार्याने असं."

चाचांनी चहा संपवला, कप उपडा घातला आणि म्हणाले, "टकटक तूच लावलीस, तूच बंद केलीस. त्याचा कसला रे बोर्ड?"